काकू, त्या रात्री तुम्ही फोन ठेवला नाहीत

प्रिय काकू,

समोर बोलायला गेलं की तुम्ही "अगं त्यात काय" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहूनच टाकते. आणि सगळ्यांना दिसेल असं लिहिते, कारण घरात गाभण मांजर असलेल्या कोणाला तरी याचा उपयोग होईल.

आमच्या मांजरीचं, चिंगीचं पोट दिसायला लागलं तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं, मी सारखी तिचं पोट चाचपून पिल्लं मोजायला बघायचे आणि तुम्ही पहिल्याच दिवशी माझा हात धरलात, म्हणालात दाबायचं नाही, किती आहेत ते बघायचंच असेल तर ४५ दिवसांनंतर डॉक्टरकडे एक्सरे काढ. मग साधारण ६३ ते ६५ दिवस धरून कॅलेंडरवर खूण केलीत, पिल्लांचं किटन फूड सुरू करायला लावलंत, थोडं थोडं पण सारखं, कारण ताकद जास्त लागते आणि पोटात जागा कमी उरते. खोकं मी हॉलमध्ये ठेवलं होतं, मला दिसावं म्हणून. तुम्ही ते कपाटामागे अंधारात सरकवलंत आणि ती त्याच संध्याकाळी आत जाऊन झोपली.

आणि मग ती रात्र. तीन पिल्लं नीट झाली, मी हात न लावता लांब बसून होते, तुम्ही सांगितलं होतं तसं. चौथं आलं ते पिशवीतच, आणि चिंगी तिसऱ्याला चाटण्यात, याच्याकडे बघेचना. रात्रीचे अडीच वाजले होते आणि तुम्ही दुसऱ्या रिंगला फोन उचललात. नाकापाशी पिशवी फाड, तोंड पूस, टॉवेलने चोळ, अजून जोरात, झटकू मात्र नकोस. किती वेळ चोळलं आठवत नाही, हात थरथरत होते, तुमचा आवाज तेवढा चालू होता. मग ते बारीकसं ओरडलं काकू, आणि तुम्ही म्हणालात आता आईच्या तोंडाशी ठेव आणि मागे सरक. वार, म्हणजे पिल्लामागून बाहेर येणारा नाळेचा गोळा, किती पडल्या तेही मोजायला लावलंत, पिल्लामागे एक. जोरात कळा देऊनही अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही तर थेट डॉक्टर, हे आणि त्यांचा नंबर तर तुम्ही आधीच भिंतीवर लिहून ठेवला होता.

बाकीची पिल्लं शंभर ग्रॅमच्या आसपास होती, हे चौथं ८२ ग्रॅमचं. रोज एकाच वेळी काट्यावर वजन, दिवसाला १० ग्रॅम तरी वाढायला हवं. तिसऱ्या दिवशी याचं उलट कमी झालं, मी गाईचं दूध पाजायला निघाले होते, तुम्ही थांबवलंत आणि डॉक्टरकडे पाठवलंत. तिथून मांजराच्या पिल्लांची दूध पावडर आणली, पालथं धरून पाजायचं, माणसाच्या बाळासारखं उताणं नाही, नाहीतर दूध फुफ्फुसात जातं. हे मला कोण सांगणार होतं?

काल सहा आठवडे झाले. ५४० ग्रॅम! पिल्लांचं दूध सुटलं की चिंगीचं ऑपरेशन, डॉक्टरांशी बोलून ठेवलंय, तोवर तिला बाहेर सोडत नाही कारण दूध पाजतानाही परत गाभण राहू शकते हे तुम्हीच बजावलंय.

वजनांची वही तुमच्याकडे घेऊन येते उद्या. पहिल्या पानावर तुमचं अक्षर आहे, बाकी सगळी पानं मी रोज भरलीत, एकही दिवस चुकवला नाही.

तुमची,
शेजारची