खाऱ्या वाऱ्यातलं घड्याळ

वेंगुर्ला,
श्रावण

मित्रा,

घड्याळ लागलं! फोनवर तू नुसतं 'झालं का?' विचारतोस आणि मी 'होतंय' म्हणतो, म्हणून आज सविस्तर.

आकडे दाखवणाऱ्या काचेच्या निक्सी नळ्या शेवटी सोव्हिएत काळातल्याच मिळाल्या, आयएन-१४ जातीच्या. आत निऑन, जाळीचा अॅनोड आणि एकामागे एक उभे केलेले दहा आकडे. तार तापून उजेड पडत नाही, आकड्याला चिकटून वायू पेटतो. म्हणून ३ मागे जाऊन ७ आला की तो किंचित पुढे-मागे सरकल्यासारखा दिसतो. आईने पहिल्यांदा पाहिलं आणि विचारलं, "हे आकडे पेटतत कशे रे?" मी समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि ताक घुसळायला गेली.

घेतल्या होत्या सहा. एक मी स्वतःच्या घाईने मारली. नळीचा तारेचा पाय काचेलगत वाकवला, बारीक 'टिक्' झालं. सकाळी बघतो तर काचेच्या आतला चंदेरी डाग पांढराफटक. म्हणजे हवा शिरली, नळी गेली. आता पाय वाकवताना काचेजवळ चिमट्याने धरतो, वाकवतो त्याच्या पुढे. सोल्डरचा डाग देतानाही चिमटा तिथेच, म्हणजे उष्णता काचेपर्यंत जात नाही.

विजेची भीती म्हणशील तर ती आहेच. १२ व्होल्टचे १७० करायचे, आणि पिन काढली तरी वीज साठवणारा कपॅसिटर काही वेळ भरलेला राहतो. त्याला रेझिस्टरने रिकामा केल्याशिवाय बोर्डाला हात लावत नाही. पण खरा छळ केला तो आपल्या हवेने. आषाढात एका रात्री ४ पेटला की शेजारी ९ पण पुसट पेटायचा. आधी वाटलं चिप गेली. आकडे पेटवणारी ती के१५५आयडी१ बदलली, तरी तेच. मग भिंग लावून पाहिलं. डागकामाचा राळेसारखा फ्लक्स बोर्डावर तसाच होता, आणि त्यावर खारट दमट हवा बसून बोर्डावरच्या एका तांब्याच्या वाटेतून शेजारच्या वाटेत वीज झिरपत होती. पुण्यात हे कधी कळलं नसतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासलं, दोन दिवस वाळवलं, वरून अॅक्रिलिकचा थर दिला. त्याआधी सॉकेटची तोंडं चिकटपट्टीने झाकली, नाहीतर तिथेच संपर्क तुटला असता. पेटी फणसाच्या लाकडाची, आत सिलिका जेलची पुडी.

अजून एक गंमत. तासाच्या दशकाच्या नळीत २४ तासांत ०, १, २ एवढेच पेटतात. बाकीचे सात आकडे पडून राहिले की त्यांच्यावर धातूचा थर बसतो आणि मग ते अर्धवटच पेटतात. म्हणून रोज पहाटे ३ वाजता सगळ्या नळ्यांत ० ते ९ फिरवतो. परवा आई पाण्याला उठली होती. सकाळी म्हणाली, "तुझं घड्याळ रात्री वेडं होता."

लाईट रोजच जाते. त्यासाठी वेळ सांभाळणाऱ्या डीएस३२३१ चिपला बटणाचा सेल लावलाय, वेळ चुकत नाही.

तर चतुर्थीला येताना तुझ्याकडच्या दोन आयएन-१४ आण. ट्रेनमध्ये बॅगेत टाकू नकोस, वरच्या बर्थवरही नको, डब्यात कापूस घालून मांडीवर घे. कुडाळला उतरलास की फोन कर, मी गाडी घेऊन येतो.

तुझाच