रात्रीचे जेवण सोडू नकोस

नौपाडा, ठाणे

चि. अथर्व यास,
अनेक आशीर्वाद.

गेले काही आठवडे तू रात्रीचे जेवण सोडले आहेस आणि ताट घ्यायला बोलावले की "खाऊन आलो" एवढेच सांगून खोलीत जातोस. माझी सकाळची ड्यूटी तू उठण्याआधी सुरू होते आणि तू नेरूळहून परततोस तेव्हा मी ओट्यापाशी असते, त्यामुळे हा विषय काढला तर तो घाईत आणि बहुधा चढ्या आवाजात निघेल. म्हणून सगळे एकदा सलग लिहीत आहे. सवडीने वाच आणि जे पटणार नाही ते मोकळेपणाने सांग.

आधी जे खरे आहे ते सांगते, कारण आईला आपले लेकरू नेहमी वाळलेलेच दिसते, असे म्हणून माझे बोलणे तू बाजूला ठेवावेस असे मला वाटत नाही. तुझे वजन जास्त आहे. उंची १७२ सेंटिमीटर आणि वजन ८४ किलो, म्हणजे वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागल्यावर तुझा बीएमआय २८.४ येतो. आपल्याकडच्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये भारतीयांसाठी ज्या मर्यादा ठरवल्या, त्यांनुसार २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे स्थूलता धरतात. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत असावा असे त्यात म्हटले आहे आणि तुझा ९६ आहे. मागे ताप आला तेव्हा आपण सगळ्याच तपासण्या करून घेतल्या होत्या. साखर आणि थायरॉइड उत्तम आहे, पण ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, १५० च्या आत हवे ते १९० आले आहे. विसाव्या वर्षी यात घाबरण्यासारखे काही नाही, पण आत्ताच लक्ष घातले तर ते सहज आटोक्यात येईल, म्हणून लक्ष घालायला हवे.

मात्र तू जे चालवले आहेस ते या आकड्यांसाठी नाही, हे मला दिसते आहे. गणपतीत मामाने सगळ्यांसमोर तुझ्या पोटावर थाप मारून जे म्हटले, त्यानंतर तू आरतीला मागच्या रांगेत उभा राहिलास. मुंजीच्या फोटोंमध्ये तू एक तर नाहीस, नाहीतर कोणाच्या तरी खांद्याआड आहेस. पोहणे तुला एवढे आवडायचे, पण गेल्या उन्हाळ्यापासून तरणतलावाचे नाव तू काढलेले नाहीस. मामाशी मी बोलले आहे आणि पुन्हा असे कोणी बोलले तर तिथल्या तिथे बोलेन. लाडाने म्हटले तरी असे बोल मुलाच्या मनात कुठे जाऊन बसतात, हे आपल्या नातेवाइकांना कळत नाही आणि मुलगा असेल तर त्याला काही वाटत असेल हे तर त्यांच्या गावीही नसते. मुलींना निदान मैत्रिणींपाशी बोलता येते. मुलगे हसून साजरे करतात आणि सैल शर्ट घालू लागतात.

मी इतकी वर्षे प्रयोगशाळेत रक्त तपासते आहे. शिडशिडीत दिसणाऱ्या पंचविशीतल्या मुलाची साखर वाढलेली आणि चांगल्या भरलेल्या अंगाच्या बाईंचे सगळे रिपोर्ट निर्मळ, हे आमच्याकडे नेहमीचे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचे उदाहरण स्वतःच्याच शरीरावरून दिले. त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३ होता, पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के. दोघांचा फोटो आणि हे आकडे २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले होते. तेव्हा आरशाला किंवा मोबाइलमधल्या फोटोला शरीराची परीक्षा घेऊ देऊ नकोस, कारण जे तपासायला हवे ते त्यांना दिसतच नाही. तुझ्या मोबाइलमध्ये ज्यांचे पोट तू पाहतोस, त्यांपैकी अनेक जण चित्रीकरणाआधी मुद्दाम पाणी कमी पितात, प्रकाश बाजूने घेतात आणि काही तर स्टेरॉइडही घेतात. त्यांचे शरीरही त्या एका दिवसापुरतेच तसे असते.

तुझे कपडे ठेवताना कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला कागद मी पाहिला. 'डिसेंबर फेस्ट, १५ किलो' असे त्यावर लाल शाईने लिहिले आहे. तू इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आहेस, म्हणून हिशोबच मांडून दाखवते. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. १५ किलोंच्या झाल्या १,१५,५००. उरलेल्या आठ आठवड्यांत त्या जाळायच्या तर रोज दोन हजारांहून जास्त कॅलरी कमी पडायला हव्यात आणि तुझ्या शरीराचा दिवसाचा सगळा खर्चच साधारण अडीच हजार आहे. म्हणजे रोजच्या खाण्यासाठी उरतात जेमतेम साडेचारशे. पहिल्या आठवड्यात काटा झपकन खाली येतो हे खरे, पण ती बहुतांशी पाण्याची घट असते. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते आणि साठा संपला की तेही जाते. दोन दिवस नीट जेवलास की ते परत येते, आणि तुला वाटते की आपल्यातच जिद्द नाही.

याबद्दल एक गोष्ट जरा विस्ताराने सांगते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर, त्यांच्या संमतीने, उपासमारीचा प्रयोग केला. सहा महिने त्यांना दिवसाला साधारण पंधराशे-सोळाशे कॅलरीच दिल्या. तू ठरवलेल्या साडेचारशेच्या हे तिपटीहून जास्त आहे, हे ध्यानात घे. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश उतरले. पण त्याबरोबर त्यांना सतत थंडी वाजू लागली, ते चिडचिडे झाले, मित्रांत आणि अभ्यासात त्यांचे मन लागेना, आणि दिवसरात्र त्यांच्या डोक्यात अन्नाखेरीज काही राहिले नाही. काहींनी पाककृतींची पुस्तके जमवायला आणि तासन्‌तास वाचायला सुरुवात केली. प्रयोग संपल्यावर हवे तेवढे खायला मिळाले, तरी कित्येकांची भूक पुष्कळ काळ भागेना.

रात्री एक वाजता पाणी प्यायला उठले की तुझ्या दाराखालून उजेड दिसतो आणि मोबाइलवर कोणीतरी तव्यावर लोणी टाकत असल्याचा आवाज येतो. जेवण सोडलेला मुलगा मध्यरात्री खाण्याचे व्हिडिओ पाहतो, यात तुझे काही चुकलेले नाही; उपाशी शरीर तेच करते आणि त्या ३६ जणांनीही तेच केले. त्यानंतर डब्यातला बिस्किटांचा पुडा संपतो, सकाळी तुला स्वतःचा राग येतो आणि त्या रागापोटी दुपारचा डबा अर्धा परत येतो. संध्याकाळी गाडीतून ठाण्याला उतरेपर्यंत पोटात आग पडलेली असते, म्हणून स्टेशनबाहेर दोन वडापाव आणि चहा होतो, आणि मग पुन्हा जेवण बंद. हे चक्र जिद्दीने मोडणार नाही. ते वेळेवर जेवल्याने मोडेल.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की सकाळचा नाश्ता, दुपारचा डबा आणि रात्री आठला घरचे ताट ठरल्या वेळी घे, आणि चार-पाचच्या सुमारास, भूक अनावर होण्याआधी, काहीतरी पोटात घाल. डब्याच्या वरच्या कप्प्यात मी फुटाणे आणि एक केळे किंवा दोन उकडलेली अंडी देत जाईन. ताटातून काही काढायचे नाही, फक्त प्रमाण बदलायचे आहे. उसळीची वाटी मोठी, कोशिंबीर भरपूर, भाजी नेहमीची, पोळ्या चारांऐवजी दोन आणि भात एक मूद. मूग, मटकी, ताक, अंडी, रविवारचा बांगडा, यांतून प्रथिने पोटात जातात आणि पोट बराच वेळ भरलेले राहते. भात कायमचा सोडण्याचा सल्ला तुला मित्रांनी दिला असेल, पण वरण-भातावर वाढलेल्या माणसाला तो महिनाभरही जमत नाही, मग तो द्यावाच कशाला?

साखरेचे मात्र मी आग्रहाने सांगेन. दिवसाचे चार चहा आणि प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे चाळीस ग्रॅम साखर एकट्या चहातून जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घेतलेली साखर दिवसभरात मिळून २५ ग्रॅमच्या आसपास राहिली तर सर्वांत चांगले. ट्रायग्लिसराइड वाढवण्यात साखर आणि मैदा यांचा मोठा हात असतो. आधी दीड चमचा, मग एक, असे केलेस तर महिन्याभरात जीभ सरावते. दोनपैकी एक वडापाव, चहातली निम्मी साखर आणि मध्यरात्रीचा बिस्किटांचा पुडा एवढे गेले की रोजच्या साडेपाचशे कॅलरी सहज कमी होतात, आणि आठवड्याला अर्धा किलो उतरायला तेवढे पुरते. वडापाव ठाण्यात राहून कोणी कायमचा सोडू नये. आठवड्यातून एकदा मित्रांबरोबर खा आणि चवीने खा.

व्यायामाबद्दल तुझी समजूत उलटी आहे, असे मला वाटते. तू तो शिक्षा म्हणून करतोस. खाल्ले की दुसऱ्या दिवशी तासभर धावायचे, मग गुडघे दुखले की आठवडाभर बंद. अर्ध्या तासाच्या भरभर चालण्यात जेमतेम दीडशे कॅलरी खर्च होतात, म्हणजे वजन उतरवण्याचे मुख्य काम ताटातच होते. पण चालल्याने स्नायू रक्तातली साखर आणि चरबी नीट वापरू लागतात, झोप लागते आणि उतरलेले वजन उतरलेलेच राहायला मदत होते. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, एवढेच जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरून स्टेशनला रिक्षाने न जाता चालत गेलास, तर त्यातला बराच भाग कॉलेजच्या दिवसांतच होतो. जिने चढ, घरी दोन दिवस जोर-बैठका काढ. सुरुवातीला जोर भिंतीला हात टेकून काढलेस तरी चालतील. रविवारी बाबा उपवनहून येऊरच्या रस्त्याला जातात, त्यांना सोबत हवीच असते. आणि पोहायला जा. वजन उतरल्यावर जाईन असे म्हणू नकोस, आत्ताच्या शरीराने जा. पाण्यात कोणी कोणाकडे पाहत नाही, प्रत्येक जण आपला श्वास सांभाळत असतो.

टेबलाच्या खणातला 'फॅट बर्नर'चा डबा मी जागचा हलवलेला नाही, कारण तो तू स्वतःच्या पैशांनी आणला आहेस. पण तुझ्या छातीत धडधडते आणि रात्री झोप येत नाही, याचे कारण त्यातले कॅफिन असू शकते. वजन उतरवणारे सिबुट्रामिन नावाचे औषध हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे भारतात २०११ मध्ये बंद करण्यात आले, तरी ते चोरून मिसळलेल्या भुकट्या त्यानंतरही ठिकठिकाणी सापडल्या आहेत. डब्यावर नेमके काय लिहिले आहे ते आपण दोघे मिळून वाचू आणि आपल्या डॉक्टरांना दाखवू. तोवर घेऊ नकोस.

वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी उठल्यावर पाहा. मीठ, पाणी, पोट साफ होणे न होणे यांनी ते एका दिवसात किलोभर वर-खाली होते आणि रोज पाहणाऱ्याचा जीव उगीच टांगणीला लागतो. मध्येच काटा दोन-तीन आठवडे जागचा हलणार नाही; हलक्या शरीराचा खर्चही कमी होतो, त्यामुळे तसे होतेच. ८४ चे ८० झाले तरी ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाबात फरक पडू लागतो, शर्टाचे माप तेवढेच राहिले तरीही. ७६ पर्यंत पोहोचायला कदाचित वर्ष जाईल. जाऊ दे.

आणि एवढे करूनही घास घेताना भीती वाटत राहिली, खाल्लेले काढून टाकावेसे वाटले किंवा आरशासमोरून हलणे जमेना, तर तो चिकाटीचा प्रश्न नाही, डॉक्टरांचा आहे. तसे मला सांग. मला सांगणे अवघड वाटले तर बाबांना सांग, आणि घरात कोणालाच नको असेल तर सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतही बोलता येते.

तीन महिन्यांनी आपण लिपिडची, म्हणजे रक्तातल्या चरबीची, तपासणी पुन्हा करू. नमुना मी स्वतः घेईन. त्यासाठी दहा-बारा तास पोट रिकामे लागते, म्हणून आदल्या रात्री आठ वाजता सगळ्यांबरोबर नीट जेव आणि सकाळी पाण्याशिवाय काही न घेता सातला माझ्याबरोबर चल.

तुझी,
आई