मनगट आणि वेलांटी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

लघुप्रबंधाचं पहिलं प्रकरण वाचलं. मजकूर चांगला आहे. तुझं मनगट का दुखतं, ते मात्र गणपतीला आलीस तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. एक शब्द बदलायचा तरी तुझा हात आधी माउसकडे धावतो, मग बॅकस्पेस दाबून धरतेस आणि नको तेवढं खोडून बसतेस.

कंट्रोल दाबून बाण मार, कर्सर एकेक शब्द ओलांडत जातो. सोबत शिफ्ट धरलंस की तेवढा मजकूर निवडला जातो. कंट्रोल-बॅकस्पेसने मागचा अख्खा शब्द उडतो. सुरुवातीला एवढंच पुरे, त्या शंभर शॉर्टकटच्या याद्या पाठ करायच्या भानगडीत पडू नकोस.

मराठीची गोष्ट जरा वेगळी. तू सगळीकडे ‘विद्यार्थीनी’ लिहिलंयस. हवं ‘विद्यार्थिनी’. वर्डमध्ये कर्सर ‘र्थी’च्या पुढे नेऊन एकदाच बॅकस्पेस मार, फक्त वेलांटी जाते, ‘र्थ’ रफारासकट शाबूत राहतो. मग ऱ्हस्व वेलांटी दे. तेच ‘र्थी’च्या मागे थांबून डिलीट मारलंस तर पूर्ण जोडाक्षर गिळलं जातं. वेलांटी-उकाराच्या दुरुस्त्या म्हणून बॅकस्पेसनेच करायच्या.

अर्थात ही चूक पन्नास ठिकाणी असेल तर शोधून बदलायला कंट्रोल-एच आहेच. पण ‘सगळे बदला’ जपून! ‘वर्ग’च्या जागी ‘तुकडी’ घालायला जाशील आणि ‘वर्गणी’ची ‘तुकडीणी’ होईल. ‘वर्गात’चं काय होईल ते तूच बघ. आपल्या विभक्त्या शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे एकेक पाहूनच पुढे जायचं. चुकलंच तर कंट्रोल-झेड.

कट-पेस्ट हे आमच्यासारख्यांच्या टेबलावरूनच संगणकात गेलंय, हे तुला माहीत नसेल. १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी ‘जिप्सी’ नावाचा प्रोग्रॅम केला, तो पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशन संस्थेसाठी. तेव्हा संपादक खरोखरच कात्रीने कागद कापून गोंदाने चिकटवायचे. टेस्लर २०२० साली गेले.

वेबवरून उतारा घेतलास की त्याचा फॉन्ट आणि रंगही सोबत येतो, तुझ्या चौदाव्या पानावर आलाय तसा. गूगल डॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबलंस तर नुसता मजकूर येतो. संदर्भसूची करताना विंडोज-व्ही वापर. एकदा चालू करून ठेवलंस की आधी कॉपी केलेले तुकडेही यादीत दिसतात, दर नोंदीला दोन फाइलींमध्ये येरझाऱ्या नकोत.

दुसरं प्रकरण रविवारपर्यंत पाठव. पुढच्या आठवड्यात दिवाळी अंकाची प्रुफं येऊन पडतील, मग तुझा नंबर मागे.

तुझी,
आई