आईच्या घरात बसून लिहिलेलं

प्रिय मंग्या,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलंबिलं नाहीये. एवढं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं असतं तर तू दोन ओळी वाचून अंगठा टाकला असतास आणि शिवाय तुझा फोन घरात कुणाच्याही हातात असतो, म्हणून घरी टाइप करून ऑफिसात प्रिंट काढली (साहेब जेवायला गेल्यावर) आणि पोस्टात टाकतोय.

मागच्या महिन्यात तू फोनवर म्हणालास ना, की वही बॅगेत घालून माळ्यावर टाकली, आई शेजारच्या खोलीत भाजी निवडत बसलेली असते आणि असलं काही हातून उतरत नाही म्हणून, तेव्हा मी नुसतं हं हं केलं आणि विषय गॅस सिलिंडरवर नेला. लाज वाटते रे आता. त्या वहीतली तीन पानं वाचलेला मी एकटाच माणूस आहे आणि मी तुला सिलिंडरची किंमत विचारली. तर त्या फोनचं उत्तर आत्ता देतोय, तेही दुसऱ्याच माणसाची गोष्ट सांगून, कारण सरळ बोलायला मला अजून जमत नाही, तुला माहितीच आहे.

माणसाचं नाव जॉन रेची, ‘सिटी ऑफ नाइट’ ही कादंबरी लिहिणारा अमेरिकन लेखक. जन्म 1931, गाव एल पासो, टेक्सास, म्हणजे अगदी बॉर्डरवर, नदी ओलांडली की मेक्सिको. खरं नाव हुआन फ्रान्सिस्को, पण शाळेत बाईंना हुआन म्हणता येईना म्हणून त्यांनी जॉनी करून टाकलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. आई ग्वादालुपे, मेक्सिकन, कट्टर कॅथलिक. बाप मूळ स्कॉटिश घराण्यातला पण मेक्सिकोतच वाढलेला, तिकडे चांगला नावाजलेला संगीतकार होता, क्रांतीच्या धामधुमीत पळून इकडे आला आणि इथे कोण विचारतंय, शेवटी एका सार्वजनिक बागेची राखण करायची वेळ आली. असला बाप घरी आल्यावर कसा वागत असेल ते तू आणि मी वेगळं सांगायला नको. गरिबी, बापाचा संताप, आणि आईची माया अशी की त्यातून बाहेरच पडता येऊ नये. गोरा दिसायचा म्हणून लोकांना तो मेक्सिकन वाटायचाच नाही आणि त्याच्यासमोर मेक्सिकनांबद्दल वाट्टेल ते बोलायचे. पुढे 1959 मध्ये त्याने ‘द नेशन’ साप्ताहिकात टेक्सासमधल्या या भेदभावावर लेख लिहिला, ही कादंबरी येण्याच्याही आधी, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

गावातलंच कॉलेज झालं, मग आर्मी, जर्मनीत पोस्टिंग, तिथून सुटल्यावर न्यूयॉर्क. आणि न्यूयॉर्कमध्ये टाइम्स स्क्वेअरला, 42 व्या रस्त्यावर, तो उभा राहायला लागला. पुरुषांसाठी. पैसे घेऊन. मी मराठीत याला शब्द शोधत होतो आणि बघ गंमत, बाईला धंदेवाली म्हणायला आपल्या जिभेला एक सेकंद लागत नाही, पण पुरुषासाठी तोंडात पटकन शब्दच येत नाही. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसचा पर्शिंग स्क्वेअर, सॅन फ्रान्सिस्को, न्यू ऑर्लिन्स, अशी काही वर्षं गेली. मधे नोकऱ्या करायचा, परत रस्त्यावर यायचा, आणि अधूनमधून एल पासोला आईकडे.

आता इथून पुढचं नीट वाच, यासाठीच पत्र लिहितोय.

न्यू ऑर्लिन्सला मार्डी ग्रा नावाचा सण असतो, आपल्या गोव्याचा कार्निव्हल त्याच दिवसांतला, उपासाचे चाळीस दिवस सुरू होण्याआधीचा धुडगूस. तिथे काही आठवडे न झोपता, न थांबता काढून हा माणूस पार पिळवटून घरी आला आणि दुसऱ्या दिवशी त्याने इलिनॉयमधल्या एका मित्राला पत्र लिहायला घेतलं. लिहीत गेला लिहीत गेला, पानंच्या पानं. आणि पोस्टात टाकलंच नाही, चुरगाळून ठेवलं. आठवड्याने तेच कागद हाताला लागले, परत वाचले, थोडं नीटनेटकं केलं, वर ‘मार्डी ग्रा’ असं नाव घातलं आणि ‘एव्हरग्रीन रिव्ह्यू’ नावाच्या साहित्यिक नियतकालिकाला पाठवून दिलं. ते 1958 मध्ये छापून आलं. म्हणजे एका मित्राला न पाठवलेलं पत्र, त्यातून ती कादंबरी. तिकडून डॉन अॅलन नावाच्या संपादकाने विचारलं, हा कादंबरीचा भाग आहे का? तर ह्याने कळवलं हो, निम्मी झालीच आहे. एक पान झालेलं नव्हतं लेका! आपल्या कॉलेजच्या सबमिशनची आठवण झाली मला.

मग ते खोटं खरं करायला त्याला चारेक वर्षं लागली, कारण तो परत रस्त्यावर गेला, अधूनमधून एखादं प्रकरण लिहून मासिकांना द्यायचा. शेवटी जमून बसला ते कुठे? एल पासोला. आईच्या छोट्याशा सरकारी घरात. भाड्याने आणलेल्या टाइपरायटरवर. रोज. मंग्या, डोळ्यासमोर आण जरा. आत माऊली मुलासाठी काहीतरी रांधतेय, बाहेर टेक्सासचा तो धुळीचा वारा, आणि हा टाइप करतोय काय, तर टाइम्स स्क्वेअरवरची पोरं, बायकांचे कपडे घालून मिरवणारे पुरुष, पोलिसांच्या धाडी, हॉटेलच्या खोल्या. आईला इंग्रजी नीट येत नव्हतं. तर मधूनच तो तिला बरे वाटतील असे उतारे निवडायचा, स्पॅनिशमध्ये भाषांतर करून वाचून दाखवायचा, आणि ती म्हणायची की बाळा, फार सुंदर पुस्तक लिहितोयस तू.

हे वाचून मी पुस्तक मिटून बसलो होतो थोडा वेळ. तू म्हणशील की हे तर फसवणं झालं. मला तसं वाटत नाही, आणि अगदी प्रामाणिक वागला असंही म्हणवत नाही. पण त्याने काकूंसारख्या एका बाईला शेजारच्या खोलीत ठेवूनच ते पुस्तक पूर्ण केलं, ती जाईपर्यंत थांबला नाही, एवढं नक्की. पुढे पैसे आले तेव्हा आधी तिला चांगलं घर घेऊन दिलं.

पुस्तक म्हणजे तेच ‘सिटी ऑफ नाइट’, प्रकाशक ग्रोव्ह प्रेस, 1963. साल लक्षात घे. न्यूयॉर्कमध्ये स्टोनवॉल नावाच्या गे बारवर पोलिसांची धाड पडली आणि लोक उलटून उठले तो दंगा 1969 चा, म्हणजे अजून सहा वर्षं अवकाश. तेव्हा अख्ख्या अमेरिकेत एक इलिनॉय सोडलं तर प्रत्येक राज्यात पुरुषाचा पुरुषाशी संबंध हा गुन्हा होता, टेक्सासात तर 2003 पर्यंत कायदा होता. (आपल्याकडे तो गुन्हा राहिला नाही ते 2018 ला, म्हणजे आपण फार हसायला नको.) आणि असलं पुस्तक महिनोन्‌महिने बेस्टसेलरच्या यादीत! समीक्षक मात्र तुटून पडले. ‘न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स’ तेव्हा नुकतंच निघालेलं, त्यात आल्फ्रेड चेस्टर नावाच्या समीक्षकाने अशी काही टर उडवली की जॉन रेची नावाचा कुणी माणूस खरंच आहे का इथपर्यंत शंका काढली. आणि हा बाबा मुलाखती देत नव्हता, कुठे दिसत नव्हता, त्यामुळे भलतेच लोक मीच जॉन रेची म्हणून पार्ट्यांमधून मिरवायला लागले. चेस्टरवरचा राग त्याने पुढे कित्येक दशकं सोडला नाही, आणि मला तर ते आवडलं, उगाच मोठेपणा दाखवून माफबिफ करणारी माणसं मला संशयास्पद वाटतात.

आतून पुस्तक कसं आहे सांगतो. ‘मी’ म्हणून गोष्ट सांगणाऱ्याला नावच नाही. सुरुवात लहानपणच्या कुत्रीपासून, विनी तिचं नाव, ती वाऱ्यावादळात मरते आणि आई सांगते की कुत्र्यांना आत्मा नसतो, ती स्वर्गात जात नाहीत. पोराच्या मनात ते जे रुततं ते शेवटच्या पानापर्यंत. मधे एकेक माणूस एकेक प्रकरण. त्यातली मिस डेस्टिनी मला सगळ्यात आवडली. पर्शिंग स्क्वेअरवर वावरणारी, जन्माने पुरुष, पण तिचं एकच स्वप्न, झोकात लग्न करायचं, पांढऱ्या गाऊनमध्ये वळणाच्या जिन्यावरून हळूहळू खाली उतरत यायचं, सगळे बघत राहिले पाहिजेत. तो जिना ती पुन्हापुन्हा सांगते. जवळ दमडी नाही, डोक्यावर पोलिसांची टांगती तलवार, आणि ही बाई जिन्याचं वर्णन करतेय. रेची तिला हसत नाही आणि तिची कीवही करत नाही, नुसता ऐकत बसतो. हे फार थोड्यांना जमतं.

म्हणून मी तुझ्यासाठी त्यातलं एक पान मराठीत करायला बसलो, आणि पहिल्याच ओळीला आपटलो. इंग्रजीत एक ‘शी’ म्हटलं की काम भागतं, पुढची क्रियापदं निवांत. मराठीत बघ, आली की आला, बसली की बसला, थकलेली की थकलेला, प्रत्येक शब्दाला तुला ठरवायला लागतं. पुस्तकात तो तिला ‘ती’च म्हणतो, म्हणून मीही आली, बसली, हसली असं लिहीत गेलो आणि अर्ध्या पानानंतर लक्षात आलं की इंग्रजीत जे एकदा मान्य केलं ते मराठीत दर वाक्याला नव्याने मान्य करावं लागतंय. मला वाटलं होतं हा अडथळा आहे, पण पान पूर्ण झाल्यावर वाटलं की आपली भाषा यासाठीच बरी आहे, इथे अर्धवट मान्य करून सुटता येत नाही. दुसरी पंचाईत म्हणजे तो मनाला येईल तिथे कॅपिटल अक्षरं वापरतो, मोठ्या आवाजात बोलल्यासारखी, आणि देवनागरीत कॅपिटलच नाहीत. ‘यंगमॅन’ एकत्र जोडून लिहितो, अॅपॉस्ट्रॉफी गाळतो. आळशीपणा म्हणावा तर तसं नाही, छपाईचे प्रूफ आल्यावर त्याने इतकं काही नव्याने लिहिलं की प्रकाशकाला परत जुळणी करावी लागली.

सगळं छान छान आहे असंही नाही हां. मधे बरंच तेच तेच येतं, आणि त्या पोरांचं जे सोंग असतं, की पैसे घेतले म्हणजे आपण ‘तसले’ नाही, ते तो इतकं जपतो की कधीकधी गदागदा हलवावंसं वाटतं. शेवटाकडे न्यू ऑर्लिन्सच्या एका खोलीत जेरेमी नावाचा माणूस त्याला सरळ विचारतो प्रेमाबद्दल, तेव्हा कुठे ते सोंग सुटायला लागतं. आणि तरी तो उठून जातोच. मला राग आला होता. नंतर आठवलं की मी सिलिंडरचं विचारलं होतं.

पुढचं थोडक्यात. ‘नंबर्स’ 1967, ‘द सेक्शुअल आउटलॉ’ 1977, त्यात पोलिसांवर आणि कायद्यावर सरळसरळ आग पाखडलीय. 1991 ला अमालिया गोमेझ नावाच्या एका मेक्सिकन बाईवर कादंबरी, दोनदा घटस्फोट झालेली, हॉलिवूडच्या गरीब वस्तीतली, एका सकाळी आभाळात चांदीचा क्रॉस दिसतो तिला आणि दिवसभर ती विचार करते की चमत्कार माझ्यासारखीला कसा दिसेल. ही कादंबरी माझी मी तुला भेट देणार आहे. गंमत म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन साहित्याच्या याद्या करणाऱ्यांनी बराच काळ त्याला बाजूला ठेवलं कारण तो गे, आणि गे साहित्यवाल्यांना तो मेक्सिकन असल्याचं लक्षातच नसायचं. घर दोन आणि जेवायला कुणीच बोलावत नाही अशी गत.

हो, एक किस्सा राहिला. तो पुढे शिकवायला लागला, लेखन शिकवायचा विद्यापीठात, आणि रात्री तरी रस्त्यावर जायचाच. एका रात्री सांता मोनिका बुलेवार्डवर अंगात शर्ट नाही, असा थाटात उभा असताना त्याचाच एक विद्यार्थी समोर आला आणि अगदी आदबीने म्हणाला, गुड ईव्हनिंग प्रोफेसर रेची, फिरायला निघालात का? त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहिलंय हे. मी बसमध्ये वाचत होतो, एवढ्या जोरात हसलो की शेजारचे काका उठून दुसरीकडे जाऊन बसले.

तर आता कामाचं. ते मिस डेस्टिनीचं पान सोबत जोडलंय, भयंकर झालंय, लाल पेनाने दुरुस्त कर. तुझा ‘ती’वरचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, त्या तीन पानांत मी बघितलाय. आणि माळ्यावरची बॅग खाली काढ, निदान झुरळं तरी झटक. 22 तारखेला मी गावी येतोय, शनिवारी रात्री गच्चीवर झोपू आणि तू वाचून दाखव, जेवढं वाचावंसं वाटेल तेवढंच. या वेळी विषय बदलणार नाही.

काकूंना सांग मागच्या वेळचं लिंबाचं लोणचं संपलं, बरणी घेऊन येतोय.

तुझाच,
सुध्या

ता. क. पाकीट काकूंच्या हातात पडलं आणि कुणाचं एवढं जाड पत्र म्हणून विचारलं, तर सुध्याने एका मुलाची आणि त्याच्या आईची गोष्ट पाठवलीय म्हणून सांग. बरे वाटतील ते उतारे वाचून दाखव हवं तर.