बरोबर 'मँगोज'वर लाल फुली

महोदय,
रविवारच्या पुरवणीतील इंग्रजी स्पेलिंगवरच्या लेखात 'ओ'ने संपणाऱ्या नामाच्या अनेकवचनाला 'ईएस' लावावे, असे सरसकट म्हटले आहे. ते बरोबर नाही. पोटॅटो, टोमॅटो, हीरो यांना 'ईएस' लागते. पण 'ओ'आधी स्वर असलेल्या रेडिओ, स्टुडिओ, व्हिडिओ यांना नुसते 'एस'. फोटो आणि पियानो ही तर फोटोग्राफ व पियानोफोर्टे यांची आखूड रूपे, त्यांनाही 'एस'च. मँगोची दोन्ही रूपे ऑक्सफर्ड आणि मेरियम-वेबस्टर शब्दकोशांत आहेत. तरी माझ्या पाचवीतल्या मुलीच्या वहीत 'ई' नसलेल्या मँगोजवर लाल फुली पडली आणि तो शब्द तिला दहा वेळा लिहावा लागला. ती रडली नाही. पण शब्दकोश उघडून बराच वेळ बसून राहिली.

1992 मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष डॅन क्वेल यांनी न्यू जर्सीतील एका शाळेत अचूक 'पोटॅटो' लिहिलेल्या मुलाला शेवटी जादा 'ई' जोडायला लावला. त्यांच्या हातातल्या कार्डावरच चूक होती. आपली पुरवणी अनेक घरांत आणि वर्गांत असेच कार्ड म्हणून वापरली जाते. म्हणून येत्या रविवारी अपवादांसह दुरुस्ती छापावी, ही कळकळीची विनंती.

– एक पालक, सातारा