आंब्याची पेटी आपल्याला कितीला पडते?

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

ताई आणि बाळ खुशाल आहेत. मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरायचा आहे, पण हिशेब-कराचे विषय नकोत, मार्केटिंग तेवढं शिकायचं, असं तू म्हणालास. बाळ रडायला लागलं आणि फोन ठेवावा लागला, म्हणून सविस्तर लिहिते.

विक्री तुला येते. व्हॉट्सॲपवर जोडलेली ठाण्या-डोंबिवलीची गिऱ्हाइकं परत परत तुझाच आंबा मागतात. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याखाली आपल्या बागेची नोंदणी करून घ्यायचं तुझं म्हणणंही मला पटलं. पण पेटीचा भाव तू वाशीच्या घाऊक बाजाराचा दर बघून ठरवतोस. आपल्याला ती कितीला पडली हे विचारलं की गप्प होतोस. खोका, पेंढा, झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबा काढणारे गडी, टेम्पोचं भाडं एवढं तू धरतोस. राखणदाराचा पगार, तुडतुड्यांवरच्या फवारण्या, पंपाचं डिझेल आणि तुझे वर्षभराचे कष्ट कुठल्या खात्यात घालायचे?

पतसंस्थेत खातेवह्या लिहिण्यात माझी नोकरी गेली, म्हणून आंब्याच्या हिशेबातली खरी मेख मला दिसते. सरकारी वर्ष 31 मार्चला संपतं आणि आपला हंगाम तेव्हा ऐन भरात असतो. पावसाळ्यात खतं आणि मोहोरासाठी घालायचं कल्टार, थंडीत मोहोरावरच्या फवारण्या, मार्चच्या पेट्या हे सगळं एका वर्षात, आणि एप्रिल-मेच्या पेट्यांचा पैसा पुढच्या वर्षात. नुसतं पासबुक बघून नफा-तोटा काढलास तर तो फसवाच निघणार. त्यात हापूस एक वर्षाआड धरतो. तेव्हा करासाठी मार्चअखेरचा हिशेब आणि बागेसाठी जून ते मे असा वेगळा, असे दोन ठेवायचे, आणि बागेचा दोन हंगामांचा मिळून बघायचा. जमा-नावे हाताने लिहिल्याशिवाय हे अंगी बसत नाही रे.

उचलीचंही तसंच. हंगामाआधी दलालाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आली की घरात पैसा आल्यासारखं वाटतं. पण ती जमा नव्हे, देणं आहे, आणि ती घेतली की माल त्याच गाळ्यावर घालावा लागतो. तुझे बाबा म्हणायचे, "सगळो हिशोब माझ्या डोक्यात आसा," आणि तो खरोखरच असायचा. पण तो त्यांच्याबरोबरच गेला. गेल्या हंगामातली दलालाची एक पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, मी इथे ताईकडे येताना बरोबर आणली आहे. पेट्या, दर, हमाली, तोलाई, गाडीभाडं, आणि सगळ्यात खाली 'इतर' म्हणून कापलेली रक्कम. फळांवरची अडत, म्हणजे दलाली, शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, असा नियम 2016 मध्ये झाला. मग हे 'इतर' कशाचं, हे तू विचारायला हवंस, आणि त्यासाठी पट्टी वाचता यायला हवी.

करावर जास्त लिहीत नाही. शेतीचं उत्पन्न आयकरातून मोकळं आहे हे खरं, पण ते आपल्या बागेतल्या आंब्याचं. शेजारच्या वाडीतला माल विकत घेऊन आपल्या नावाने विकलास तर त्यावरचा नफा व्यापाराचा झाला. पल्प काढून डबाबंद केलास तरी तेच, तिथे धंद्याचा भाग वेगळा काढावा लागतो. ताज्या आंब्याला जीएसटी नाही, पल्पला आहे. कच्च्या काजू बीवर आहे, पण शेतकऱ्याकडून घेतली तर तो कर नोंदणी असलेल्या खरेदीदाराने भरायचा. तुला पल्प करायचा आहे, शेजाऱ्यांचा मालही घ्यायचा आहे, म्हणजे तुझ्याच बेतांना या विषयाची गरज आहे.

नाशिकचं मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे, 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. तिथे बी. कॉम. मराठीतून करता येतं आणि त्यासाठी बाग सोडून पुण्या-मुंबईला जावं लागत नाही. सरकारच्या 'स्वयम्' या संकेतस्थळावर फुकट व्हिडिओ आहेत तेही बघ, पण आपल्याकडे पावसात लाईट आणि नेटवर्क दोन्ही जातं, पुस्तक मात्र कंदिलाजवळही वाचता येतं. प्रवेश घेण्याआधी अभ्यासकेंद्रावर जाऊन परीक्षा कधी असते हे विचारून घे. एप्रिल-मेमध्ये आली तर आंबा आणि पेपर एकदमच येतील, तेव्हा झेलकऱ्यांवर देखरेख कोणी करायची हे आधी ठरवावं लागेल. मी तोवर घरी आलेली असेन, पेट्या मोजून घेईन.

फीचे पैसे तुझ्या खात्यावर टाकते. ते 'आईकडून' असं लिहून जमेला धर, बागेच्या उत्पन्नात मिसळू नकोस.

तुझी,
आई