आईचं पित्त, बाबांचा मंगळवार

कोपरखैरणे, गुरुवार रात्र

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हसू नका. फोनवर हे बोलणं होतच नाही. बाबा दोनदा "हं, हं" करून फोन आईकडे देतात आणि आई विचारते, डबा खाल्लास का. कागद मात्र तुम्ही लाइट बिलाच्या फाइलीत वर्षानुवर्षं जपता, म्हणून हा कागद.

आई, परवा तू बोलता बोलता म्हणालीस, "दाढ काढली तेव्हाच्या गोळीने मला पित्त झालं होतं." मी बसमध्ये होते, गलक्यात ते निसटलं. रात्री एका पेशंटच्या मनगटाला ऍलर्जीचा लाल पट्टा बांधताना आठवलं आणि हात थांबला. कुठलं पित्त, आई? छातीत जळजळणारं की अंगावर उठणारं? आपल्याकडे दोन्हीला शब्द एकच. आणि तुझं औषधही एकच, आमसूल. एकाला प्यायला, दुसऱ्याला अंगाला लावायला.

या शब्दाने माझी एकदा चांगलीच फजिती केली आहे. तुम्हाला कधी सांगितलं नाही. नोकरीचं पहिलं वर्ष होतं, आत्ताचं हॉस्पिटल नव्हे. ऍडमिशनचा फॉर्म भरताना एका काकूंना विचारलं, कुठल्या औषधाची ऍलर्जी? म्हणाल्या, "नाही गं, पित्ताचा त्रास तेवढा आहे." मी ऍसिडिटी लिहून मोकळी झाले. संध्याकाळी पेनिसिलिनच्या जातीचं इंजेक्शन सलाइनमधून सुरू केलं. पाच मिनिटंही झाली नसतील, काकू तळवे खाजवायला लागल्या. मग आवाज घोगरा झाला. मग म्हणाल्या, "जीव घाबरतोय," आणि उठून बसायला लागल्या.

सिस्टर इन्चार्ज धावत आल्या, आधी औषध बंद केलं, काकूंना आडवं केलं, पाय वर. अशा वेळी रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतून पाणी झिरपतं, बीपी कोसळतं. माणूस झटकन उभा राहिला तर हृदयाकडे रक्तच परतत नाही. डॉक्टरांनी ऍड्रिनॅलिन सांगितलं, अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. माझ्या हातातली सिरिंज थरथरत होती. लोकांना वाटतं ऍव्हिल दिलं की झालं. ऍव्हिल खाज थांबवतं, पण सुजलेला घसा आणि पडलेलं बीपी सावरतं ते ऍड्रिनॅलिन. पाच मिनिटांनी दुसरा डोस लागला. मग काकूंचा रंग परतला. तरी रात्रभर मी त्यांच्या कॉटपाशी घुटमळत होते, कारण हा प्रकार काही तासांनी पुन्हा उसळू शकतो. पहाटे त्या म्हणाल्या, "सांगितलं होतं ना तुला, मला पित्त उठतं म्हणून. मागे घशासाठी गोळ्या दिल्या होत्या तेव्हाही उठलं होतं."

सांगितलं होतंच त्यांनी. मीच नीट ऐकलं नव्हतं. तेव्हापासून मी 'ऍलर्जी' हा शब्द शेवटी काढते. आधी विचारते, अंगावर गांधी उठल्या होत्या? ओठ, डोळे सुजले? धाप लागली? गोळी घेतल्यावर किती वेळाने? उलटंही होतं, बरं का. गोळीने मळमळलं, जुलाब झाले, एवढ्यावर लोक ऍलर्जी लिहून घेतात आणि एक चांगलं औषध कायमचं हातचं जातं. म्हणून तुझी ती दाढेची चिठ्ठी शोध. नाहीच सापडली तर दाताच्या डॉक्टरांकडे नोंद असेल, जाऊन विचार. ते नाव मला हवं आहे.

आता बाबा. मागच्या आठवड्यात वंदना डेपोपाशी गुडघाभर पाण्यातून तुम्ही चालत आलात, हे मला शेजारच्या काकांकडून कळलं. नंतर दोन दिवस अंग कोमट होतं आणि पॅरासिटामॉल खाऊन तुम्ही ते मुरवलंत, हे आईकडून. "तिला कशाला त्रास" हे वाक्य कुणाचं ते मी विचारत नाही.

बाबा, तुमच्या संधिवातात शरीराची पलटणच स्वतःच्या सांध्यांवर चालून जाते. मेथोट्रेक्सेट तिला आवरतं. सांधे त्यामुळे वाचतात, पण जंतू शिरले तर लढायला तीच पलटण थोडी सुस्त असते. साचलेल्या पाण्यात उंदराचं मूत्र असतं, टाचेच्या भेगेतूनसुद्धा लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, जंतू आत जातो. म्हणून पुन्हा कधी अशा पाण्यातून आलात तर पाय साबणाने धुवा आणि तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवा, ताप असो नसो. थर्मामीटर १००.४ दाखवू लागला की तुमच्यासाठी तो किरकोळ ताप नाही, त्याच दिवशी फोन. तापात मंगळवार आला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेथोट्रेक्सेटची गोळी घ्यायची नाही.

मंगळवारचं तर पुन्हा सांगते. तुम्ही विचारलंत, "रोज घेतली तर लवकर गुण येईल का?" मी तेव्हा हसले, पण घरी येईपर्यंत पोटात गोळा होता. ही गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली गेल्याने माणसं दगावली आहेत. तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी तळाला जातात. म्हणून तर आपण तुमच्या उपासाचा वार धरला: मेथोट्रेक्सेट आणि मंगळवार, दोन्ही 'म'. फॉलिक ऍसिडची गोळी वेगळ्या वारी, चिठ्ठीवर लिहिलंय तशी. लघवीला जळजळ झाली म्हणून केमिस्टकडून परस्पर काही आणू नका, सल्फाची तर मुळीच नको. मेथोट्रेक्सेटबरोबर ती फार वाईट.

कपाटातल्या बिस्किटांच्या डब्यात अर्ध्या उरलेल्या पट्ट्या साठवल्या आहेत ना, ज्यांच्यावर उभी लाल रेघ आहे? ती रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही असं औषध, त्यांत अँटिबायोटिक्सही आली. "असू दे, लागतील" यातली कुठलीही कुणालाही लागणार नाही, समोरच्या वहिनींच्या नातवालासुद्धा नाही. पण अजून फेकू नका. काय सांगावं, आईची ती गोळी त्यांतच निघायची.

रविवारी नाइट संपली की ट्रान्स हार्बरने थेट ठाण्याला येते, दहापर्यंत पोचेन. डबा टेबलावर काढून ठेवा, बाबांचा चष्मा आणि आपली ती जुनी वहीही. आई, सोलकढी कर, आमसूल त्यातच संपव. आणि मी आल्या आल्या झोपले तर बारा वाजेपर्यंत उठवू नका.

तुमची,
धाकटी